अक्षरांतून शब्द : दोन गुणांच्या प्रश्नाचे मोल

राज्य मंडळाच्या दहावीच्या इंग्रजी कृतिपत्रिकेत २ गुणांचा एक छोटा प्रश्न अनेकदा आढळतो. एक मोठा शब्द दिलेला असतो आणि त्यातील अक्षरे वापरून किमान तीन अक्षरी असे चार शब्द तयार करायचे असतात. लातूर विभागीय मंडळाच्या लातूर, नांदेड व धाराशिव या जिल्ह्यांतील विद्यार्थीही तो सोडवतात. हा प्रश्न इंग्रजीच्या शिक्षकाचा, असे आपण धरून चालतो. आमच्या मते तो गणित व विज्ञानाच्या शिक्षकांचाही आहे. प्रश्न चांगला आहे. त्याची मांडणी मात्र अपुरी आहे.

आधी त्याचे गुण पाहू. 'एज्युकेशन' हा शब्द घ्या. इंग्रजीत त्याची नऊ अक्षरे आहेत : ई, डी, यू, सी, ए, टी, आय, ओ, एन. एकही अक्षर दोनदा येत नाही. यांतून तीन अक्षरांच्या मांडण्या ९ × ८ × ७, म्हणजे ५०४ होतात. त्या सर्व तपासत बसणे परीक्षेत शक्य नाही. पण यात स्वर पाच व व्यंजने चार आहेत. पहिले व शेवटचे अक्षर व्यंजन आणि मधले स्वर असावे, अशी अट घातली, तर मांडण्या ४ × ५ × ३, म्हणजे ६० उरतात. या साठांत डॉट, डेन, डिन, कॅट, कट, कॉट, कॅन, कॉड, टिन, टेन, टॅन, टन, नेट, नट, नॉट, नॉड असे किमान सोळा परिचित शब्द सापडतात. आपल्या मुलांना ही रीत परकी नाही. व्यंजन धरून त्याला एकेक स्वर लावीत जाणे म्हणजे बाराखडीच!

लांब शब्दांना वेगळी युक्ती लागते. सात अक्षरी मांडण्या १,८१,४४० होतात. परंतु इंग्रजीत पुष्कळ शब्दांच्या शेवटी टी, आय, ओ, एन ही चार अक्षरे येतात व त्यांचा उच्चार 'शन' होतो, हे माहीत असेल, तर उरलेल्या पाच अक्षरांतून तीनच मांडायची राहतात. म्हणजे पुन्हा ५ × ४ × ३, साठच मांडण्या! त्यांत 'ऑक्शन' (लिलाव) व 'कॉशन' (सावधगिरी) हे दोन शब्द आहेत. दोहोंची सात अक्षरे तीच, क्रम तेवढा निराळा. संशोधनातही असेच घडते. सर्व शक्यता तपासण्यापेक्षा, ज्ञात नियमाच्या आधारे त्या कमी करणे हेच खरे काम असते.

आता दोष. पहिला असा की, दिलेल्या शब्दात एकदाच आलेले अक्षर उत्तरात दोनदा वापरता येईल का, हे प्रश्नात सांगितलेले नसते. विज्ञानात नियम न सांगता प्रयोग करीत नाहीत. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. 'कॅट' लिहिणाऱ्यास अर्धा गुण आणि 'ऑक्शन' शोधणाऱ्यासही अर्धाच. मग शोध कशाला घ्यायचा? एखाद्याने मोठा शब्द व त्याचे चार शब्द अशा जोड्या पाठ केल्या, तरी त्याला पूर्ण गुण मिळतात. 'लातूर पॅटर्न'मुळे सरावाचे महत्त्व साऱ्या राज्याला पटले, आणि सराव वाईट नव्हे. पण सराव रीतीचा हवा, उत्तरांचा नव्हे. पाठ केलेली यादी नवा शब्द समोर येताच निरुपयोगी ठरते. यात नुकसान होते ते घरी इंग्रजी कानावर न पडणाऱ्या मुलाचे, कारण त्याला रीतीचाच आधार असतो.

यावर उपाय शिक्षकांच्या हातात आहे. वर्गात प्रश्न थोडा बदलून द्यावा : सी व टी ही दोन्ही अक्षरे असलेलेच शब्द शोधा. एन ने सुरू होऊन सी ने संपणारा तीन अक्षरी परिचित शब्द का सापडत नाही, यावर चर्चा घडवावी. पुढे पाठ्यपुस्तकातील एका उताऱ्याची ५०० अक्षरे मोजून कोणते अक्षर किती वेळा येते, याचा तक्ता करावा. बहुधा ई सर्वांत पुढे राहील. बाकीचा क्रम उताऱ्यागणिक थोडा बदलेल. नमुना लहान असला की निष्कर्ष डळमळतो, हा धडा त्यातून आपोआप मिळतो.

अशा मोजणीला मोठी परंपरा आहे. नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदी या विद्वानाने अक्षरांच्या वारंवारतेवरून गुप्त लिपी उलगडण्याची रीत मांडली. १९३० च्या दशकात अमेरिकेतील आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रातील अक्षरे मोजून एक खेळ रचला; तोच पुढे 'स्क्रॅबल' झाला. त्याच्या इंग्रजी संचात ई च्या बारा सोंगट्या असतात व प्रत्येकीला १ गुण. क्यू ची एकच सोंगटी, तिला मात्र १० गुण. दुर्मीळ ते मोलाचे, हे तत्त्व त्या खेळाने पाळले. आपल्या परीक्षेने लांब व कठीण शब्दांना तोच न्याय लावला, तर मुले शब्द पाठ करणार नाहीत, शोधू लागतील.