सेनापती बापट : एका उपाधीची चिकित्सा

पांडुरंग महादेव बापट (१८८०–१९६७) यांना 'सेनापती' ही उपाधी मुळशीच्या सत्याग्रहाने मिळवून दिली. चरित्रलेखनात ती बहुधा गौरवार्थीच योजिली जाते. तिचा अर्थ काटेकोरपणे तपासण्याचा प्रयत्न क्वचितच होतो.

बापटांनी पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबची विद्या संपादन केली होती. तेव्हा तुलनेसाठी पुढील काळातील रशियाचाच एक सेनानी घेणे अप्रस्तुत ठरू नये. रोकोसोव्हस्की याला १९३७ मध्ये सोव्हिएत राजवटीनेच अटक केली. १९४० मध्ये त्याची सुटका होताच त्याच राजवटीने त्याच्या हाती पुन्हा सैन्य सोपविले. स्टालिनग्राड येथे १९४३ च्या आरंभी जर्मन फौज त्याच्या आघाडीपुढे शरण आली व १९४४ मध्ये तो मार्शल झाला. त्याच्या कर्तृत्वामागे राज्ययंत्रणा, रसद आणि आज्ञेने बांधलेले सैनिक उभे होते.

मुळशीत यांपैकी काहीच नव्हते. टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीस, सत्याग्रह सुरू झाला, तो मावळ्यांच्या स्वेच्छेच्या बळावर. पण पुष्कळ जमिनींचे हक्क पुण्याच्या सावकारांकडे होते. त्यांचा हितसंबंध मोबदल्याशी, तर कसणाऱ्याचा जमिनीशी. ही फूट धैर्याने सांधण्याजोगी नव्हती. आणि आज्ञा देऊन ती मिटविण्याचा अधिकार या सेनापतीस नव्हता.

१९२४ मध्ये बापटांनी रुळांवर दगड रचून आगगाडी अडविली व सात वर्षांची शिक्षा पत्करली. चरित्रकारांना हा प्रसंग शौर्याचा कळस वाटतो. त्यातील त्याग निर्विवाद आहे. परंतु सेनापतित्वाच्या कसोटीवर तो सैन्य पांगल्यानंतरचा एकाकी प्रतिकार ठरतो. १९३१ मध्ये ते सुटले, तेव्हा मुळशीचे पाणी घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहाकडे जाऊ लागले होते. रोकोसोव्हस्कीला सुटकेनंतर सैन्य परत मिळाले. बापटांना लढण्यासाठी भूमीही उरली नव्हती.

म्हणून ही उपाधी टाकून द्यावी असे नव्हे. पराभवाचे उत्तरदायित्व स्वतःच्या शिरावर घेणारा, या अर्थी ती यथार्थच आहे. मात्र एका पुरुषाच्या तेजाने लढ्याची सारी कथा व्यापली की, जमीन कोणाची गेली आणि मोबदला कोणाला मिळाला, हे प्रश्न मागे पडतात. मुळशीच्या इतिहासाची खरी चिकित्सा या प्रश्नांपासूनच सुरू व्हावयास हवी.