न हलणारी सावली : नव्वदच्या दशकाचे सुपरहिरो आणि आठवणींचा पुरावा

हॅस्ब्रो कंपनीच्या ‘मार्व्हल लेजंड्स’ या मालिकेत एक्स-मेनच्या काही अॅक्शन फिगर्स आल्या आहेत. त्यांचा खोका जुन्या व्हीएचएस कॅसेटच्या खोक्यासारखा केलाय. आत १९९२ ते १९९७ या काळात चाललेल्या कार्टून मालिकेतली पात्रं. त्यातला पिवळ्या-निळ्या पोशाखातला वूल्व्हरिन नीट बघा. त्याच्या अंगावर सावली चक्क रंगवलेली आहे, कार्टूनमध्ये गडद रंगाचा पट्टा देऊन दाखवतात तशी. टेबललॅम्प डावीकडे ठेवा नाहीतर उजवीकडे, ही सावली जागची हलत नाही.

संशोधनाच्या ब्लॉगवर खेळणी कशाला, असं वाटेल. सांगतो. पेट देऊन मुलाखतीची तयारी करणाऱ्या अनेकांकडे लहानपणापासून आवडणारा एखादा विषय असतो, आणि सिनॉप्सिसमध्ये पहिला घोळ तिथेच होतो. आपली आठवण आपण पुरावा म्हणून वापरतो. हा वूल्व्हरिन त्या घोळाचं फार चांगलं उदाहरण आहे.

आधी मूळ वस्तू बघू. एक्स-मेनच्या फिगर्स टॉय बिझ या कंपनीने १९९१ पासून बाजारात आणल्या. वूल्व्हरिनची नखं बाहेर यायची, मॅग्नेटोमध्ये लोहचुंबक होतं, स्टॉर्मच्या छातीवर दिवा लागायचा. अंगाने ताठ, सांधे मोजकेच, चेहरे ओबडधोबड. जिम लीच्या चित्रातली बारीक रेघांची छायाटिपणं, ताणलेले स्नायू, यातलं त्यात फारसं काही उतरलं नव्हतं. पण ‘हे काय करतं?’ या मुलाच्या प्रश्नाला त्या खेळण्याकडे उत्तर होतं.

आजची फिगर वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देते : ‘हे कसं दिसतं?’ कोपर, गुडघे, मनगटं सगळं वळतं, पण ते कपाटात एक विशिष्ट पोझ देऊन उभं करण्यासाठी. कारागिरी म्हणून मला ती आवडते. सपाट चित्र तीन मितींत आणताना कुठली रेघ ठेवायची आणि कुठली सोडायची, याचा विचार त्यात दिसतो. मात्र ‘माझं लहानपण परत मिळालं’ असं कोणी म्हणालं, की थांबायला हवं. असं खेळणं १९९१ मध्ये कोणाच्याच हातात नव्हतं. हाताने खेळलेली वस्तू आणि डोळ्यांनी पाहिलेलं चित्र, या दोन वेगळ्या आठवणी इथे एकाच प्लॅस्टिकमध्ये ओतल्यात.

आता आकड्याकडे वळू, कारण आकडा दिसला की आपण विज्ञानवाले लगेच विश्वास ठेवतो. १९९१ च्या ‘एक्स-मेन’ अंक १ च्या ८० लाखांहून जास्त प्रती गेल्या. क्रिस क्लेअरमाँटचं लेखन, जिम लीची चित्रं. यावरून ‘८० लाख वाचक’ असं लिहिलंत, तर गाईड लाल शाई वापरणारच. हा आकडा दुकानांनी उचललेल्या प्रतींचा आहे. त्या एका अंकाची पाच वेगवेगळी मुखपृष्ठं होती, आणि पुढे भाव वाढेल म्हणून एकेकाने अनेक प्रती घेऊन ठेवल्या. भाव कसा वाढणार? १९३८ चा ‘अॅक्शन कॉमिक्स’ अंक १ महाग आहे, कारण लोकांनी तो वाचून टाकून दिला आणि फार थोड्या प्रती उरल्या. जे सगळ्यांनीच जपून ठेवलं, ते दुर्मिळ होत नाही.

पुढे बाजार कोसळला आणि डिसेंबर १९९६ मध्ये मार्व्हलने दिवाळखोरीचा अर्ज केला. १९९८ मध्ये तिचं विलीनीकरण झालं ते टॉय बिझशी, म्हणजे खेळण्यांच्या कंपनीशी.

आणखी एक गोष्ट त्या व्हीएचएसच्या खोक्यात मावत नाही. जिम ली, स्पायडर-मॅनचं जाळं गुंतागुंतीचं करणारा टॉड मॅकफार्लेन, पट्ट्यांवर पाकिटंच पाकिटं काढणारा रॉब लिफेल्ड, या सगळ्यांच्या रेषेसाठी आज लोक हळवे होतात. पण १९९२ मध्ये हेच तिघे आणि आणखी चार चित्रकार बाहेर पडले आणि त्यांनी इमेज कॉमिक्स सुरू केलं, कारण आपण घडवलेल्या पात्रांवर त्यांना स्वतःची मालकी हवी होती. मॅकफार्लेनने तर १९९४ मध्ये स्वतःची खेळण्यांची कंपनीही काढली. कपाटात ठेवून बघायच्या बारीक नक्षीच्या फिगर्सना खरा जोर तिथून आला. म्हणजे स्मरणरंजन रेषा ठेवतं आणि तिच्या मालकीचं भांडण वगळतं. माझा आक्षेप नेमका इथे आहे.

‘नॉस्टॅल्जिया’ हा शब्दही एका प्रबंधातूनच आलाय. १६८८ मध्ये बाझेलला योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने घरापासून दूर असलेल्यांच्या आजाराला हे नाव दिलं. स्वेतलाना बोइम यांनी २००१ च्या पुस्तकात त्याचे दोन प्रकार केले : हरवलेलं घर पुन्हा बांधू पाहणारा, आणि हरवलंय हे मान्य करून त्या ओढीकडेच बघत राहणारा. कॅसेटचा खोका पहिल्या प्रकारातला. जुनं खेळणं आपसूक दुसऱ्या प्रकारात जातं, कारण ते म्हातारं होतं. एबीएस प्लॅस्टिक उजेडाने पिवळं पडतं, मऊ पीव्हीसीमधला प्लास्टिसायझर पृष्ठभागावर येऊन चिकट होतो. मधली तीस वर्षं त्याच्या अंगावर वाचता येतात.

माझ्याही शेल्फवर तो सावलीवाला वूल्व्हरिन आहे. माझा जन्मच नव्वदच्या दशकाच्या शेवटचा. तेव्हा ज्या काळासाठी मी हळवा होतो, तो मी जगलेलोच नाही. तो मला तयार, खोक्यात घालून मिळालाय. हे कळल्यावर फिगर टाकून द्यावीशी वाटली नाही. फक्त तिच्याकडून मी १९९१ ची साक्ष मागत नाही. आजच्या गिऱ्हाइकाला १९९१ कसं हवंय, याची मागतो. ती साक्ष ती चोख देते.

तुमच्या सिनॉप्सिसमध्ये प्रत्येक साधनापुढे तीन गोष्टी लिहून बघा : हे कधी बनलं, कोणासाठी बनलं, आणि यातून काय वगळलंय. तिसरा रकाना भरताना आवडत्या विषयाबद्दलही थोडं वाईट वाटेल. वाटू द्या. आणि लिहून झालं की एकदा दिवा दुसऱ्या बाजूला सरकवून बघा. सावली हलली नाही, तर ती कोणीतरी रंगवलेली आहे.