प्रियोळकर एका बाजूला, दलवाई दुसऱ्या बाजूला: तुलना फसते कुठे?

'ख्रिस्ती आणि इस्लाम धर्मांतील असहिष्णुता: एक तुलनात्मक अभ्यास' असा विषय घेऊन तुम्ही पुण्यातल्या एखाद्या ग्रंथालयात बसलात, तर टेबलावर पहिल्यांदा काय येईल हे जवळजवळ ठरलेलं आहे. ख्रिस्ती बाजूला अ. का. प्रियोळकरांचं 'द गोवा इन्क्विझिशन' (१९६१), इस्लामच्या बाजूला हमीद दलवाईंचं लेखन. दोन्ही मोलाचं आहे. पण ही जोडी लावली की निष्कर्ष लिहायला बसण्याआधीच ठरून जातो. कसा, ते बघा.

प्रियोळकर लिहितात ते १५६० ला गोव्यात आलेल्या आणि मधली काही वर्षं सोडता १८१२ पर्यंत चाललेल्या न्यायासनाबद्दल. त्याच्या हातात तुरुंग होता आणि पाठीशी पोर्तुगीज राजसत्ता. १७३६ च्या हुकुमात धर्मांतरितांनी धोतर नेसण्यावर, तुळस लावण्यावर, इतकंच काय, हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवण्यावरही बंदी आहे. दलवाई लिहितात ते आपल्याच समाजाबद्दल, आपल्याच काळात. १९६६ मध्ये त्यांनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत सचिवालयावर नेला. २२ मार्च १९७० ला पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केलं.

म्हणजे एक लेखक धर्माबाहेरचा, दुसरा त्या समाजातला. एकाचा विषय बंद पडलेली संस्था, दुसऱ्याचा चालू राजकारण. एकीकडे राजसत्ता, दुसरीकडे समाजाचा दबाव. अशा साधनांतून 'ख्रिस्ती असहिष्णुता इतिहासजमा झाली, इस्लामी असहिष्णुता अजून चालू आहे' हेच बाहेर पडणार. हा धर्मांविषयीचा शोध नव्हे. तुम्ही पुस्तकं कशी निवडलीत, त्याचं हे प्रतिबिंब आहे.

खात्री करायची तर जोडी बदला. १५८० मध्ये गोव्याहून जेझुइट पाद्री फत्तेपूर सिक्रीला गेले. अकबराने त्यांचा मान राखला, उलेमांशी वाद घालू दिला. त्याच वेळी गोव्यात इन्क्विझिशन चालू होतं. एवढंच घेतलं तर इस्लाम उदार आणि ख्रिस्ती धर्म कडवा ठरतो. हा निष्कर्षही तितकाच कच्चा.

तुलना करूच नका, असं मी म्हणत नाही. सारख्याला सारखं लावा. राजसत्तेसमोर राजसत्ता ठेवायची तर इन्क्विझिशनसमोर औरंगजेबाने १६७९ मध्ये पुन्हा लादलेला जिझिया ठेवा. लगेच खरा फरक दिसतो. जिझिया बिगरमुस्लिमाला बिगरमुस्लिम म्हणून राहू देतो, पण खालच्या पायरीवर, आणि त्याचे पैसे घेतो. इन्क्विझिशनची नजर मुख्यतः बाप्तिस्मा घेतलेल्यांवर असते. त्याने पकडलेला फ्रेंच वैद्य शार्ल देलाँ स्वतः कॅथलिकच होता. एक सत्ता 'परक्या'ला परका म्हणून मोजते, दुसरी त्याला 'आपला' करून मग त्याच्यावर संशय घेते.

दहशतवादाचंही तसंच. १३ फेब्रुवारी २०१० चा जर्मन बेकरीतला स्फोट पुणेकर विसरलेले नाहीत. त्यात १७ जीव गेले. पण स्फोट घडवणाऱ्या गुप्त गटासमोर सोळाव्या शतकातलं न्यायासन ठेवता येत नाही. तिथे युगांडातल्या 'लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी'सारखी सशस्त्र संघटना ठेवावी लागेल.

आणि दलवाईंसमोर? पंडिता रमाबाई. त्यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला आणि थोड्याच काळात सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून वाद सुरू झाला. चर्च सांगेल ते जसंच्या तसं मानायला रमाबाई तयार नव्हत्या. दलवाईंसमोर न्यायासन नव्हतं, रमाबाईंसमोरही नव्हतं. मग प्रश्न असा होतो: हातात तुरुंग नसताना धर्माचे अधिकारी बंडखोराला वठणीवर कसं आणतात? पत्राने, पैशाने, बहिष्काराने, की आपलेपणाच्या दडपणाने? हा प्रश्न पुराव्यानिशी तपासता येतो. 'कोणता धर्म जास्त असहिष्णू?' हा तपासता येत नाही, कारण त्याला मोजपट्टीच नाही.

एक अडचण उरते, आणि व्हायवात ती तुम्हाला विचारली जायला हवी. रमाबाईंना पुण्यात सगळ्यात मोठा विरोध कोणी केला? शारदा सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पडतो, या आरोपावरून १८९३ मध्ये वादळ उठलं. पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे आणि भांडारकरांसारखे सुधारकही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. हा विरोध हिंदू समाजातून होता. आपल्यापैकी बहुतेक जण हिंदू घरांतून आलो आहोत. दोन 'दुसऱ्यां'च्या धर्मांची तुलना करताना आपण आपोआप पंचाच्या खुर्चीत बसतो आणि ही खुर्ची कोणी दिली, हे विचारत नाही.

तेव्हा प्रस्ताव लिहिण्याआधी एक कागद घ्या. प्रत्येक साधनापुढे तीन गोष्टी लिहा: लिहिणारा आतला की बाहेरचा, ज्याच्याबद्दल लिहिलं त्याच्या हातात कोणती सत्ता होती, आणि काळ कोणता. दोन बाजूंच्या नोंदी जुळत नसतील, तर आधी साधनं बदला. मग त्याच कागदावर खाली स्वतःचंही नाव लिहा आणि तेच प्रश्न स्वतःला विचारा.