पिक्ट मठाचा शोध : एक परीक्षण

मार्टिन कार्व्हर यांचे नाव इंग्लंडमधील सटन हू येथील उत्खननाशी जोडले जाते. तथापि चर्चच्या इतिहासाच्या अभ्यासकांना त्यांचे पोर्टमाहोमॅक येथील कार्य अधिक मोलाचे वाटेल. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरील या गावी त्यांनी १९९४ ते २००७ या काळात उत्खनन केले व त्यावरील ग्रंथ २००८ साली प्रसिद्ध केला.

पिक्ट लोकांचे ग्रंथ जवळजवळ उरलेले नाहीत. त्यांची माहिती बहुधा शेजाऱ्यांच्या लेखणीतून येते. येथे मात्र मठात चर्मपत्रे तयार करण्याची आठव्या शतकातील कर्मशाळाच सापडली : गुरांची हाडे, कातडे ताणण्याच्या खुंट्या, वक्र सुरी, घासण्याचे दगड. ग्रंथ नष्ट झाले, तरी ते घडविणाऱ्यांचा पुरावा मिळाला. ही कामगिरी थोर होय.

इ. स. ८०० च्या सुमारास कर्मशाळा जळाली व कोरीव शिळा फोडल्या गेल्या. कार्व्हर यांचा रोख व्हायकिंगांकडे आहे. अनुमान संभवनीय आहे. परंतु राखेवरून हल्लेखोराचे नाव ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. स्मारके उभारण्यामागे कार्व्हर प्रामुख्याने राजकीय विचारसरणी पाहतात. ही दृष्टी उपयुक्त असली तरी अपुरी आहे. चर्मपत्राचे एकेक पान घासून सिद्ध करण्याच्या श्रमांचा उलगडा उपासनेचा विचार केल्यावाचून होत नाही. तो विचार धर्मशिक्षकांनी या ग्रंथाच्या वाचनास जोडावा.