वैद्यकीय प्रयोगशाळा अहवाल व तज्ज्ञप्रणाली : मूल्यमापनाचे निकष

१९७९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मायसिन' प्रणालीच्या मूल्यमापनात प्रणालीचा व डॉक्टरांचा उपचारसल्ला, कोणता कोणाचा हे न सांगता, आठ तज्ज्ञांपुढे ठेवण्यात आला. 'मायसिन' सरस ठरली. तथापि ती प्रत्यक्ष रुग्णसेवेत कधीच आली नाही. याउलट सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात १९९१ पासून वापरात आलेल्या 'पीअर्स' प्रणालीत विकृतिशास्त्रज्ञ स्वतः, चूक आढळेल तेथे, नवा नियम जोडत असत. म्हणजेच तज्ज्ञांशी जुळणारी उत्तरे हा एकमेव निकष अपुरा आहे. चूक कोणाला दिसते व ती कोण दुरुस्त करतो, हे तपासणेही अगत्याचे ठरते.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा मुद्दा अधिक गंभीर होतो. गडचिरोली, नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेल आढळतो. सिकलसेलग्रस्तांच्या तांबड्या पेशी अल्पायुषी असल्याने एचबीए१सी प्रत्यक्षापेक्षा कमी येऊ शकते. तेथून करंजाडेसारख्या सिडकोच्या वसाहतीत आलेल्या अशा रुग्णाच्या अहवालावर 'मधुमेह नियंत्रणात' असा शेरा प्रणालीने आपोआप छापल्यास आकडा नियमात बसेल, अर्थ मात्र चुकेल. सबब स्थानिक रुग्णांवरील पडताळणी व स्वाक्षरीपूर्वी विकृतिशास्त्रज्ञाची तपासणी यांशिवाय अशी प्रणाली स्वीकारार्ह मानता येणार नाही.