गाणारा बातमीदार : फिल ओक्स

फिल ओक्सला कमी लेखायचं झालं की एक किस्सा हमखास सांगतात : बॉब डिलन त्याला म्हणाला, तू गायक नाहीस, पत्रकार आहेस. आमचा प्रश्न असा, की यात शिवी कुठे आहे?

ओक्स ओहायो स्टेट विद्यापीठात पत्रकारिताच शिकला. पदवी न घेता न्यूयॉर्कला आला. १९६४च्या पहिल्या तबकडीचं नाव त्यानं ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या ब्रीदवाक्यावर बेतलं. ‘छापण्याजोग्या’ बातम्यांच्या जागी ‘गाण्याजोग्या’! बातमी शिळी होते, म्हणून गाणीही शिळी, असा आक्षेप आहे. जिथे नुसता मथळ्यावरचा संताप आहे, तिथे तो आम्हांलाही मान्य आहे. पण त्याच तबकडीतलं विल्यम वर्दीवरचं गाणं घ्या. वर्दी हा पत्रकार १९६१मध्ये पासपोर्टविना क्यूबाला गेला आणि परतल्यावर, पासपोर्टशिवाय मायदेशी शिरला म्हणून दोषी ठरला. स्वतःच्याच देशात येणं हा गुन्हा! (१९६४मध्ये तो अपिलात सुटला.) आता ही बातमी साठ वर्षं जुनी. तिच्यातली विसंगती जुनी झाली का? डिलनला हे जमलं नसतं असं आम्ही म्हणत नाही. त्याला ते नकोच होतं.

१९६८मध्ये शिकागोत डेमोक्रॅटिक अधिवेशनाबाहेर पोलिसांनी निदर्शकांना झोडपलं, तेव्हा ओक्स तिथे होता. पुढच्या वर्षीच्या तबकडीवर त्यानं स्वतःचंच थडगं छापलं : मृत्यू शिकागो, १९६८. म्हणजे बातमीदारानं आपलीच मृत्युवार्ता दिली. प्रत्यक्षात १९७६ साली, ३५व्या वर्षी त्यानं आत्महत्या केली. मधल्या काळात, १९७०नंतर, नवी गाणी फारशी आलीच नाहीत.