हर्झबर्गचा द्विघटक सिद्धांत आणि रुग्णालयातील परिचारिका : एक चिकित्सा

रुग्णालयीन कर्मचाऱ्यांच्या अभिप्रेरणेचा विचार करताना फ्रेडरिक हर्झबर्ग यांचा द्विघटक सिद्धांत हमखास वापरला जातो. यश, मान्यता व जबाबदारी हे प्रेरक घटक. वेतन, पर्यवेक्षण व कामाची परिस्थिती हे हायजीन घटक. दुसऱ्या गटामुळे असमाधान टळते, प्रेरणा मात्र पहिल्याच गटातून मिळते, असे तो सांगतो. हा सिद्धांत वॉर्डात कितपत टिकतो, ते आपण तपासू.

१. पुरावा : १९५९ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास पिट्सबर्ग परिसरातील सुमारे २०० अभियंते व लेखापालांच्या मुलाखतींवर आधारित होता. त्यांना कामातले फार चांगले व फार वाईट वाटलेले प्रसंग विचारले गेले. व्हिक्टर व्रूम यांचा आक्षेप असा की, यशाचे श्रेय माणूस स्वतःकडे घेतो आणि अपयशाचा दोष परिस्थितीला देतो. म्हणजे हे दोन गट प्रश्नपद्धतीतूनच निर्माण झाले असू शकतात. शिवाय कामगिरीवरील परिणामही उत्तरदात्यांनीच सांगितलेला होता.

२. मनुष्यबळ : भारतीय परिचर्या परिषदेच्या मापदंडानुसार अध्यापन रुग्णालयात ३ रुग्णांमागे, तर सर्वसाधारण रुग्णालयात ५ रुग्णांमागे १ परिचारिका हवी. समजा, रात्रपाळीत एकीकडेच ३० रुग्ण आहेत. औषधाची वेळ चुकते, नोंदी अपुऱ्या राहतात. येथे उणीव इच्छेची नाही. ‘उत्कृष्ट परिचारिका’ असे प्रमाणपत्र देऊन ती भरून निघणार नाही.

३. वेतन : सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ मधील निर्देशानंतर नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांना दरमहा किमान २०,००० रुपये वेतनाची शिफारस केली. कायम व कंत्राटी परिचारिका एकाच वॉर्डात तेच काम करत असतील, तर वेतनातील तफावत कंत्राटी परिचारिकेला आपल्या कामाची किंमत सांगत असते. अशा वेळी वेतन आणि मान्यता वेगळी काढता येत नाहीत.

समारोप : सिद्धांत टाकाऊ नाही. राउंडच्या वेळी परिचारिकेचे निरीक्षण विचारणे, तिला निर्णयात सहभागी करणे, याचे महत्त्व तो नेमके दाखवतो. पण ब्लुमबर्ग व प्रिंगल यांनी १९८२ मध्ये मांडल्याप्रमाणे कामगिरीला क्षमता, इच्छा आणि संधी हे तिन्ही लागतात. म्हणून कामगिरी घसरलेली दिसली, तर आधी विचारा: तिला करायचे नाही, की करता येत नाही? हा प्रश्न टाळला, तर व्यवस्थेची त्रुटी कर्मचाऱ्याच्या माथी मारली जाते.